चाकांवरचा संसार उताराला लागतो

माझ्या नवऱ्याला बायपासनंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, म्हणून त्याने ट्रक घेतला.

खेळण्यातला नव्हे. खरा, जर्मन बनावटीचा, जवळपास माझ्याच वयाचा. (दोघांनाही सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, असं श्रीकांत म्हणाला. त्याचं हृदय नाजूक होतं म्हणून मी ते ऐकून घेतलं.) पूर्वी त्यातून घोडे नेत. मग कुणा हौशी माणसाने मागच्या बाजूला चक्क लाकडी घर बांधलं. दोन खिडक्या, पलंग, छोटा ओटा, छपरातून वर डोकावणारी पत्र्याची चिमणी. घोडे कधीच गेले होते. वास मात्र घर सोडायला तयार नव्हता.

“अगं, याला हाउस ट्रक म्हणतात! यांचे मेळावे भरतात. सगळे जुन्या गाड्यांमधून येतात, नदीकाठी राहतात, रांगेने फिरायला निघतात.”

“श्रीकांत, तुझी छाती उघडून अजून सहा महिने नाही झाले.”

“म्हणूनच म्हटलं, कायमची बंद व्हायच्या आत जरा फिरून घेऊ.”

असले विनोद तो करायचा आणि मला हसू येत नसे. माझे सासरे बावन्नाव्या वर्षी गेले. सकाळचा चहा पिता पिता, कप अर्धा भरलेला. श्रीकांत आता बावन्नचा होता. बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याला सोफ्यावर डुलकी लागली की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, “झोपलास का रे?” तो ताडकन उठून बसायचा, “हो!” (हृदयरोग्याला असं सारखं दचकवू नये, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.) मनातल्या मनात मी त्याला तीन-चारदा पोचवून आले होते. एकदा तर पुण्याला आधी कुणाला कळवायचं या विचारात भेंडीची भाजी करपली. तो टेबलावर जिवंत बसून ती भाजी खात होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तयारी मात्र माझी चोख होती. इतकी वर्षं इथे राहून माझं डच सुपरमार्केटच्या पुढे सरकलेलं नाही. पण आमची लेक सई नायमेखनला शिकते. तिच्याकडून मी एक वाक्य घोटून घेतलं होतं: “माइन मान हेफ्त एन हार्टस्टिलस्टांट.” माझ्या नवऱ्याचं हृदय बंद पडलंय.

“आई, हार्ट अटॅकला वेगळा वर्ड आहे,” सई म्हणाली.

“असू दे. मोठाच शब्द शिकव. ऐन वेळी कमी पडायला नको.”

मेळावा नायमेखनच्या बाहेर होता. नदीला अडवणारा उंच बांध, ज्याला इथे डाइक म्हणतात, त्याच्या पायथ्याशी मोठं कुरण होतं. त्यावर तीसेक गाड्या उभ्या. कुणाची जुनी पोस्टाची गाडी, कुणाची अग्निशमन दलाची, कुणी बसचा दिवाणखाना केलेला. मेळावा भरवणारा विम हा पांढऱ्या दाढीचा आडदांड माणूस. त्याने श्रीकांतला पहिल्याच भेटीत मिठी मारली.

“हळू!” मी किंचाळले. “बायपास!”

विमने हात असे वर केले, जणू मी त्याच्यावर बंदूक रोखली होती. त्यानंतर दोन दिवस लोक श्रीकांतशी हस्तांदोलन करण्याआधी माझ्याकडे बघून घेत होते. सई सायकलवरून येऊन पोचली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, “आई, प्लीज.” आणि शेजारच्या बसमध्ये राहायला गेली.

रविवारी सगळ्या गाड्या रांगेने डाइकवरून फिरणार होत्या. एका बाजूला नदी, एका बाजूला सफरचंदाच्या बागा. श्रीकांतने टोपी घातली. इतक्या महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग दिसत होता. (मी लगेच त्याची नाडी बघितली.) मी ओट्यावरच्या वरण-भाताच्या कुकरला झाकणासकट दोरीने बांधलं आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले.

कुरणातून डाइकवर चढणाऱ्या रस्त्याच्या मध्यावर आमचा ट्रक बंद पडला.

“काही नाही, दम लागलाय त्याला,” श्रीकांत म्हणाला.

“कुणाला?”

“ट्रकला गं! हँडब्रेक जरा ढिला आहे. मी उतरून चाकाखाली ओंडका लावतो. तू इकडे सरक आणि हा ब्रेक दाबून धर. बस, एवढंच करायचं.”

एवढंच करायचं होतं! मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. काचेतून मला श्रीकांत दिसत होता. रस्त्याच्या कडेला भला थोरला ओंडका पडला होता. तो वाकला, ओंडक्याला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि उचलायला लागला.

दुधाच्या दोन पिशव्यासुद्धा मी त्याला उचलू देत नव्हते!

“श्रीकांत! खाली ठेव! खाली ठेव तो!” मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. खिडकीतून अर्धं बाहेर यायचं म्हणजे सीटवरून उठावं लागतं. आणि सीटवरून उठायचं म्हणजे...

ट्रक हलला.

उलट्या दिशेने जाणाऱ्या गाडीचा एक विशेष असतो. आपण कुठे आदळणार ते आपल्याला दिसत नाही, आपण काय सोडून चाललोय ते मात्र स्वच्छ दिसतं. मला समोर माझा नवरा दिसत होता. त्याच्या हातातून ओंडका पडला. तो उतारावरून माझ्या दिशेने धावायला लागला आणि तरी लहान लहान होत चालला.

“ब्रेक! सुलभा, ब्रेक!”

“पळू नकोस!”

“अगं ब्रेक दाब!”

“आधी तू थांब!”

मी जे सापडलं ते दाबलं. तो क्लच होता. ट्रकला हुरूप आला. मागे किंकाळ्या ऐकू आल्या, कुणाची तरी कपड्यांची दोरी काचेवर येऊन बसली, खाली टेबलं मोडल्याचा आवाज झाला. (माणसं वेळेवर बाजूला झाली होती. मी मेळाव्यात आल्यापासून त्यांना बाजूला व्हायची सवय झाली होती.) मग एक मोठा धक्का बसला आणि समोरच्या काचेत फक्त आभाळ उरलं. ट्रकचा मागचा भाग कुरणाच्या कडेच्या पाण्याने भरलेल्या चरात गेला होता. मागे लाकूड कडकडत फाटलं आणि पाठोपाठ कुकर सुटल्याचा आवाज आला.

मी दार उघडून उडी मारली. चिखलात पडले, घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं. पण तिकडे कोण बघतंय? समोर श्रीकांत गवतावर बसला होता. डोकं खाली, एक हात छातीवर.

हाच तो. हाच तो क्षण. मी रांगत निघाले आणि रांगता रांगता मदतीचा नंबर, एकशेबारा, लावला.

पलीकडची बाई शांतपणे काहीतरी विचारत होती, आधी डचमध्ये, मग इंग्रजीत. मला इंग्रजी येतं. मी पंधरा वर्षं त्याच भाषेत नोकरी केली आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात जगातलं एकच वाक्य शिल्लक होतं. “माइन मान हेफ्त एन हार्टस्टिलस्टांट!” ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मी पुन्हा तेच म्हटलं. मग फोन टाकून दिला आणि श्रीकांतच्या छातीवर दोन्ही हात रोवून दाबायला लागले.

“आई गं! सोड! अगं सुलभा, मी बोलतोय ना!”

“बोलू नकोस! शक्ती घालवू नकोस!”

“मला फक्त धाप लागलीय!”

तेवढ्यात गावातून सायकलींवर माणसं यायला लागली. इथे कुणाचं हृदय बंद पडलं की आसपासच्या स्वयंसेवकांच्या फोनवर निरोप जातो. एकजण दाढीचा साबण तसाच गालाला ठेवून आला होता. दोघांकडे शॉक द्यायची यंत्रं होती. त्यांनी पेशंट कुठे म्हणून विचारलं, आणि पेशंटनेच हात वर केला. पाठोपाठ अँब्युलन्स आली. मग आभाळातून पिवळं हेलिकॉप्टर उतरलं! त्याच्या वाऱ्याने मेळाव्यातले तंबू उडाले, पताका उडाल्या, विमची टोपी नदीच्या दिशेने गेली. उरलीसुरली टेबलंही आडवी झाली.

“आय ॲम फाइन,” श्रीकांत डॉक्टरला सांगत होता. “माझ्या बायकोकडे बघा.”

“त्याचं ऐकू नका!” माझं इंग्रजी आता परत आलं होतं. “तो नेहमी असंच म्हणतो!”

डॉक्टरने त्याला तारा लावल्या. सई धावत आली आणि सगळ्यांना डचमध्ये समजावायला लागली. काय सांगत होती ते मला कळलं नाही, पण प्रत्येक जण मान वळवून माझ्याकडे बघत होता. मग तिची नजर खाली गेली.

“आई. युअर फूट.”

मी बघितलं. मी नदीकडे तोंड करून बसले होते. माझं डावं पाऊल बागांकडे बघत होतं.

त्यांनी आम्हा दोघांना एकाच दवाखान्यात नेलं. त्याच्या हृदयाचा आलेख उत्तम आला. डॉक्टर म्हणाले, उतारावरून एवढं धावून ज्याला काही झालं नाही, त्याला काळजीचं कारण नाही. माझ्या घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार होते. ऑपरेशनला नेण्याआधी तो माझ्या खाटेजवळ बसला. टोपी हरवली होती, केसांत गवत होतं.

“तो ट्रक खाली जाताना मला वाटलं, तू गेलीस,” तो म्हणाला. “समोर दिसत होतीस आणि गाठता येत नव्हतं.”

“मला सहा महिने रोज तसंच दिसतंय,” मी म्हटलं.

त्याने विनोद केला नाही. मीही नाडी बघितली नाही. हात मात्र धरून ठेवला होता, आणि मला न्यायला आलेल्या नर्सला ‘सोडा आता’ म्हणून दोनदा सांगावं लागलं.

आता मी प्लास्टर उशीवर ठेवून सोफ्यावर पडलेली असते आणि तो दुधाच्या पिशव्या आणतो, वरणाला फोडणी देतो. डुलकी मला लागते. तो ओरडत नाही, दारात उभा राहून बघतो. मला ते कळतं. ट्रक चरातून निघाला, पण वरचं घर दुभंगलं होतं. ते दुरुस्त करण्यासारखं नव्हतं, म्हणून विमने ते आपल्या परसात नेऊन कोंबड्यांना दिलं. परवा त्याचा फोन आला होता. कोंबड्या छान रमल्यात म्हणाला. फक्त एक जरा वेगळी आहे, बाकीच्यांनी नुसती मान हलवली तरी ती दिवसभर जिवाच्या आकांताने ओरडत असते. तिचं नाव त्यांनी सुलभा ठेवलंय.