मानहो अप्पांचा चेंडू

माझे सासरे तक मानहो यांनी उभं आयुष्य बुसानच्या एका कारखान्यात बुटांचे तळ चिकटवण्यात घालवलं. सुट्टी मागायची त्यांना लाज वाटे. अपवाद एकच, बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायचा तो दिवस. त्या दिवशी त्यांना दरवर्षी ठरल्यासारखा ताप यायचा. त्यांच्या मुकादमालाही यायचा आणि दोघं स्टँडात शेजारी बसून घसा फाटेस्तोवर ओरडायचे. संघ बहुतेक हरायचा. मग घरी येऊन अप्पा भांडी आपटायचे.

गेल्या हिवाळ्यात ते घरातल्या सपातांवरच बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर सापडले. सापडले तेव्हा माझ्या बायकोला, मीरानला, पोटच्या मुलीला त्यांनी विचारलं, "अहो बाई, मला घरी सोडता का?" सोलहून मेहुणा जेगुन आला. नव्या वर्षाच्या जेवणातच त्याने सांगून टाकलं, "ताई, आता एकदा जरी हरवले, तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. मग तू रड नाहीतर ओरड."

तरी मीरानने पहिल्या सामन्याची तिकिटं काढलीच.

"अगं, मुंगीला शिरायला जागा नसते तिथे," मी म्हणालो. "जेगुनला कळलं तर?"

"तुम्ही चोंबडेपणा केलात तर कळेल."

सरळ सांगतो, मला भीती वाटत होती. खेळाकडे माझं लक्षच नव्हतं. अप्पांना मध्ये बसवून आम्ही दोघं दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारखे बसलो होतो. अप्पा मात्र मजेत सुकं माकूल चघळत होते.

"तुम्ही कुठल्या कारखान्यातले?" त्यांनी मला विचारलं.

"मी तुमचा जावई, अप्पा."

"वा! नशीबवान आहात."

सातव्या डावात नेहमीची धमाल सुरू झाली. कचऱ्यासाठी वाटलेल्या नारिंगी पिशव्या फुगवून लोकांनी डोक्याला बांधल्या. संघाचं गाणं लागलं, सगळं स्टँड उभं राहिलं, आम्हीही राहिलो. गाणं संपल्यावर बसलो, तर मधली खुर्ची रिकामी.

"अप्पा?" मीरान म्हणाली. मग किंचाळली.

बघावं तिकडे तीच नारिंगी डोकी, तेच संघाचे सदरे. पाठमोऱ्या दोन म्हाताऱ्यांना मी खांदे धरून वळवलं, दोघांनीही शिव्या घातल्या. स्वच्छतागृहात पाहिलं, जिन्यावर पाहिलं. जिन्याच्या खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसत होता, गाड्या भरधाव जात होत्या. त्या रस्त्याकडे माझ्याने बघवेना. मीरान स्टँडच्या फाटकावरच्या माणसाला अप्पांचं वर्णन सांगत होती.

मी परत स्टँडात आलो, तेवढ्यात बॅटला लागून तिरका उडालेला एक चेंडू खालच्या रांगांत पडला आणि सगळं मैदान गरजलं, "पोराला दे! पोराला दे!" आमच्या गावात असा चेंडू मोठ्या माणसाने ठेवायचा नसतो, जवळच्या लहान मुलाला द्यायचा असतो. नाही दिला, तर सगळं गाव मिळून त्याची लाज काढतं. मोठ्या पडद्यावर चेंडू धरलेला माणूस दिसला. अप्पा! पिशवी कानांपर्यंत उतरलेली, चेहरा कावराबावरा. समोर एक चिमुरडी ओंजळ धरून उभी होती आणि ते तिच्या डोक्यावरून इकडेतिकडे बघत होते.

खिशात फोन थरथरला. जेगुन! तोही टीव्हीवर सामना बघत होता तर.

"भाऊजी, अप्पा तिथे एकटे कसे?"

फोन तसाच मुठीत धरून मी, पडद्यावर अप्पांना बघून खाली सुटलेल्या मीरानच्या मागे धावलो. लोक आता चिडले होते.

"ओ आजोबा, द्या की पोरीला!"

"चिकट आहे म्हातारा!"

मीरान पायऱ्यांवरून धडपडत त्यांच्यापुढे पोचली. आता हे हिला पुन्हा परकी समजणार आणि हिचा धीर इथेच सुटणार, असं मला वाटलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि चेंडू तिच्या हातात कोंबला.

"अहो, ती काय पोर आहे का?" मागून कोणीतरी ओरडलं. "पन्नाशीची बाई आहे ती!"

अप्पांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कुठे गेली होतीस गं मीरान?" ते म्हणाले. "केवढा घाबरलो मी. सगळीकडे शोधलं तुला."

फोन चालूच होता. पलीकडून जेगुनने सगळं ऐकलं.