गोवऱ्यांच्या आगीत बॉल जॉइंट

त्रिंबकतात्यांची जीप अंगणात जॅकवर उभी होती. पुढचं डावं चाक काढलेलं. चाक ज्या गोळीवर वळतं तो सांधा, बॉल जॉइंट, खिळखिळा झाला होता. नवा बीडहून आणला होता. जुना निघत नव्हता.

सकाळपासून तात्या हातोडा मारत होते, मी शेजारी बसून पाने देत होतो. नट कधीच निघाला होता. जॉइंटचा दांडा मात्र चाक धरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या भोकात गंजून एकजीव झाला होता.

"मास्तर, बी.ए.ला हे शिकिवलं न्हाई का बे?"

"मराठी होतं, तात्या."

"मग शिव्या तरी दे याला. शुद्ध."

संध्याकाळच्या आत जीप दूध घेऊन चकलांब्याच्या रस्त्याला लागायला हवी होती. दुष्काळात दूध आटलं होतं. दोन गाड्यांपैकी एकच ठेवायचं गावच्या दूध संस्थेने ठरवलं होतं. सचिव राधाकिशन कालच सांगून गेला होता, "उद्या सांजच्याला ज्याची गाडी न्हाई, त्याचा फेरा बंद. मला बोल लावू नका." दुसरी गाडी चेअरमनच्या मेव्हण्याची होती.

तात्यांचे वडील बैलगाडीची चाकं करायचे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवायची, चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं. धाव आवळून बसायची. तात्यांचं तरुणपण त्यातच गेलं. पुढे कारखान्याला ऊस ट्रॅक्टरनं जाऊ लागला. मग तात्यांनी ही जुनी जीप घेतली.

दुपार कलली तसा त्यांनी हातोडा टाकला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, गोवऱ्या आन."

लोखंडाभोवती गोवऱ्या रचल्या. ग्रीस वितळलं. जळक्या रबराचा वास अंगणभर झाला. लोखंड लालसर दिसू लागलं.

"आता पानी."

रुक्मिणीबाई हंडा धरून उभ्या राहिल्या. टँकर पुन्हा कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पिन्याचं हाय हे."

"मग काय, दूध वतू?"

त्यांनी हंडा दिला. तात्यांनी पाणी ओतलं. वाफ उठली, टणकन आवाज आला. तात्यांनी एक घाव घातला आणि जॉइंट खाली पडला.

"बघितलं का बे? लोखंड ते लोखंड. बैलगाडीचं असू दे न्हाई तर जीपचं!"

मीही हसलो. तात्यांनी चिंधीनं राख पुसली. हात थांबला. मी वाकून पाहिलं. जॉइंट बसतो त्या भोकापासून ओतीव लोखंडाच्या कडेपर्यंत केसासारखी चीर गेली होती.

तरीही त्यांनी नवा जॉइंट बसवला. नट आवळला. चीर उघडली. त्यांनी नट सैल केला. चीर मिटली. पुन्हा आवळला.

"धावंला काय व्हत न्हाई पान्यानं," ते म्हणाले.

मी पाने गोळा करून पेटीत टाकले.

उन्हं उतरली तशा बाया दुधाच्या कॅन घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे जीपशेजारी ठेवल्या. चाक नसलेल्या जीपकडे बघत उभ्या राहिल्या.

रस्त्यावर मेव्हण्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. दूध नासलं असतं. पहिली कॅन तात्यांनीच उचलली. मी दुसरी घेतली. ड्रायव्हर खाली उतरला नाही. कॅन आम्हीच वर चढवल्या.

"तात्या, उद्यापून कॅन फाट्यावर आनून ठेवायला सांगा," तो म्हणाला. "आत यायला टाइम न्हाई."

"बरं," तात्या म्हणाले, आणि उरलेल्या कॅन आणायला वळले.