दोह्यातलं उष्टावण

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत एक दगड होता. आमच्या आईची सहाण. घरातल्या सगळ्या मुलांची बाळगुटी तिच्यावर उगाळली गेली: बदाम, खारीक, हळकुंड आणि जीभ वळावी म्हणून वेखंड. दोह्यात धाकट्या बहिणीच्या, मीनलच्या, दुसऱ्या बाळाचं, निनादचं, उष्टावण होतं. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून मी निघालो होतो. बाळाला काही पथ्य आहे, खीर मीच करीन, एवढंच ती फोनवर म्हणाली होती. सहाणेशेजारी दोन किलो बदाम होते, ते थोरल्या सईसाठी. सई सहा वर्षांची होती आणि अजून बोलत नव्हती.

विमानतळावर कस्टमच्या माणसानं सहाण उलटसुलट करून पाहिली.

“फॉर बेबी,” मी म्हणालो.

त्यानं दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बहुधा बाळाची कीव येऊन मला सोडलं.

मीनलला पोचल्याचा फोन केला, तेव्हा मराठी ऐकून टॅक्सीवाल्यानं मागे वळून पाहिलं. खेडचा होता. समुद्राकाठच्या उंच इमारती तो घरच्या असल्यासारख्या दाखवू लागला.

“आत कोण राहतं?” मी विचारलं.

“ते काय म्हायत नाय, काका. आमी खालनंच बघतो.”

मी हसलो. या इमारतींशी माझं जुनं वैर. सईच्या वेळी मीनलचं दोह्यातच बाळंत व्हायचं ठरत होतं. आई-वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे माझं घर, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. मी फोनवर म्हणालो होतो, “वाळवंटात कसलं बाळंतपण? तिथल्या इमारती उंच आहेत, डॉक्टर किती उंचीचे कुणास ठाऊक.” हे वाक्य नातेवाइकांत पुढे बरेच दिवस चाललं. मीनल नाशिकला आली.

बिन महमूद भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार मीनलनं उघडलं.

“बदाम आणलेस? दारातच राहू दे ते, दादा. सईच्या हाताला लागतील.”

सई खिडकीपाशी पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. गोरीपान, केस मधाच्या रंगाचे. मी हाक मारली. इथली मराठी मुलं मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देतात, अशी आईबापांची तक्रार असते. सई कुठल्याच भाषेत देत नव्हती.

स्वयंपाकाच्या ओट्यावर सोनाराकडे असतो तसा काटा होता. मीनल त्यावर साबुदाणा तोलत होती. शेजारी पावडरीचा डबा. झाकण उघडून पाहिलं, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास.

“हे निनादचं मुख्य दूध,” ती म्हणाली. “माझं अगदी थोडं चालतं, तेही मोजून. डाळ नाही, दही नाही, शेंगदाणे नाहीत. पीकेयू म्हणतात. प्रथिनातला एक भाग यांच्या शरीरात मोडतच नाही. रक्तात साठतो आणि मेंदू खराब करतो. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून तो चालतो.”

“यांच्या म्हणजे?”

“दोघांच्या. आमच्या दोघांकडून आलंय.”

मेहुणे अभय दाराशी उभे होते. ते गॅस कंपनीत इंजिनिअर, मोजकं बोलणारे. “इथं जन्मल्यावर टाच टोचून रक्ताचा थेंब तपासतात. निनादचा रिपोर्ट आला आणि पहिल्याच आठवड्यात दूध बदललं. मग डॉक्टर म्हणाले, थोरलीची लेव्हलही बघू.”

“आणि सईची टाच?”

“नाशिकला टोचली नव्हती,” ते म्हणाले आणि रिकामे कप उचलायला लागले.

सई बोलेना तेव्हा आम्ही काय केलं, ते आठवत होतं. बुद्धीला चांगलं म्हणून दुधाचा आणखी एक पेला, वरणावर वरण. रजेला ती नाशिकला आली की सकाळी भिजवलेले बदाम सोलून मी स्वतः तिच्या तोंडात घालायचो. मोजून अकरा.

“आपण तिच्या गोरेपणाचं किती कौतुक करायचो,” मीनल म्हणाली. “ते पण या आजाराचंच.”

“आता पथ्य पाळून?”

“झोप लागते तिला. डोकं आपटत नाही. गेलंय ते परत यायचं नाही म्हणाले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय केलं असतंस, दादा? आणखी एक विनोद?”

दुसऱ्या दिवशी अभयनी मला एका मॉलमध्ये नेलं. आत कालवा होता, कालव्यात होड्या, आणि छतावर रंगवलेलं आकाश, ढगांसकट. एरवी यावर मी पानभर विनोदी लेख लिहिला असता. निनादच्या वयाची एक मुलगी बाबागाडीत बसून त्या खोट्या ढगांकडे टक लावून बघत होती. मी अभयना म्हटलं, घरी जाऊ.

शुक्रवारी उष्टावण. नोकरीतल्या ओळखीची चार मराठी घरं आली होती. चांदीच्या वाटीत साबुदाण्याची खीर: पाणी, साखर, वेलदोडा. निनाद मांडीवर बसला आणि माझं बोट पकडून सरळ डोळ्यांत बघून हसला. या वयाची सई अशी बघायची का, ते मला आठवेना. अंगठी खिरीत बुडवून मी त्याच्या जिभेला लावली.

“मामा, चिक्कूपणा नको, अजून एकदा,” कोणीतरी म्हणालं.

“खलास, दादा, पुरे,” मीनल म्हणाली. तिचं लक्ष वाटीवर होतं.

तेवढ्यात पडद्याची दोरी सोडून सई आली. माझ्यासमोर उभी राहिली, मान वर केली आणि तोंड उघडलं. मला पाहिलं की तोंड उघडायचं, एवढंच ती माझ्याकडून शिकली होती.

पाहुणे हसले. “बघा, मामाला ओळखते,” एक बाई म्हणाल्या. मीनल चमचा घेऊन आत गेली आणि सईच्या वाट्याची खीर काट्यावर तोलून आणली. तोवर सई तशीच उभी होती, तोंड उघडं ठेवून. मी भरवली. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

निघताना मीनलनं सहाण टॉवेलात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली. बदामांचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही. दारातून सईला हाक मारायचं धाडस झालं नाही. ती वळली असती, तर तोंड उघडूनच वळली असती.

सहाण आता घरी माळ्यावर आहे. आल्यावर मित्र जमले, नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे बघत बसले. कसं आहे दोहा, त्यांनी विचारलं.

इमारती उंच आहेत, मी म्हणालो. ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.