चौदा नंबरचा आकडा

आमच्या जुन्या ऑफिसातली चार टाळकी डोंबिवलीत कुणाच्या तरी घरी जमली की चहा यायच्या आधीच किस्से सुरू होतात. एकाचा संपत नाही तोवर दुसऱ्याला आठवतो. बाकीचे हसतात, मी चिडते. "शुभा, इतकी वर्षं झाली, सोड ना आता!" म्हणतात. का सोडू? एका चांगल्या मुलीची नोकरी पणाला लागलेली त्या सगळ्या मूर्खपणात.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. ठाण्यात वागळे इस्टेटला ऑफिस, खाली लेथचं वर्कशॉप, वर आम्ही. कारखान्यातल्या टाक्या आणि पाइप किती दाब सोसतील, याची गणितं करणारे प्रोग्राम लिहायचो. एकच मोठं युनिक्स मशीन. त्याला एसी, आम्हाला पंखा!

या मशीनच्या प्रोसेसरमध्येच मोजणारे काउंटर होते. प्रोग्राम चालताना मेमरीत किती वेळा जावं लागलं, किती वेळा अडकायला झालं, असलं सगळं ते मोजायचे. काय मोजायचं ते आपण कमांडमध्ये नंबर टाकून सांगायचं. आता नंबर चुकीचा टाकला तर मशीन ओरडेल की नाही? छे! ते दुसरंच काहीतरी मोजून गुपचूप आकडा देणार. म्हणून कुठला नंबर म्हणजे काय, ती यादी जवळ असावीच लागते.

आमची यादी कुठे? प्रधान साहेबांच्या कपाटात. कुलपात!

रंजना म्हात्रे तेव्हा नुकतीच लागलेली. कल्याणजवळच्या आगरी गावातली, घरातली पहिलीच डिप्लोमावाली. सहा महिन्यांचं प्रोबेशन, मग पर्मनंटचं पत्र. तिने पहिल्याच आठवड्यात केबिनमध्ये जाऊन यादीची झेरॉक्स मागितली. आम्ही इतके दिवस मागितली नव्हती, हेही सांगते. साहेब म्हणाले, "तुला कशाला हवी? मी सांगतो तो नंबर टाकायचा, बस."

*

तर हे प्रधान साहेब. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग करून आलेले आणि तेवढ्यावर आयुष्य काढणारे.

एकदा मला म्हणाले, "शुभदा, मला एका रनमध्ये दहा गोष्टी मोजून हव्यात." मी म्हटलं, "सर, या प्रोसेसरला काउंटर दोनच आहेत. एका वेळी दोनच गोष्टी नीट मोजता येतील."

"एवढं मोठं मशीन आणि दोनच?"

"दोनच, सर."

त्यांना काही पटेना. माझ्यासमोर फोन उचलला, मशीन विकणाऱ्या डीलरला लावला आणि आवाज चढवून म्हणाले, "अहो, आमचे बाकीचे काउंटर आलेलेच नाहीत. पॅकिंगमध्ये राहिलेत का बघा!"

*

मग पेडणेकर. खोपटला राहायचा, मनाने चांगला, पण घाईचा बाप.

साहेबांनी त्याला प्रोग्राम फास्ट करायला सांगितलेलं. आठवडाभर झटला, काउंटरचा आकडा हलेना. एके दिवशी नाचतच आला. "उतरला! करोडोंचा आकडा हजारांवर आला!" साहेबांनी लगेच क्लायंटला फोन केला आणि अर्धा किलो पेढे मागवले.

रंजनाने पेढा हातात धरून कमांड वाचली. मला हळूच म्हणाली, "मॅडम, यांनी प्रोग्राम मोजलाच नाय. प्रोग्राम सुरू करून देणारी चार ओळींची फाइल आहे ना, ती मोजलीय. प्रोग्राम तिकडे मागे आपला अजून चाललाय."

खरंच चाललेला! मी पेडणेकरला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. तो पांढरा पडला. "अगं, मी दोन पेढे खाल्लेत," म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने सांगू?"

नाही सांगितलं त्याने. क्लायंटने महिनाभराने आम्हाला सांगितलं.

*

आता खरा संताप.

साहेबांच्या यादीत चौदा नंबर म्हणजे मेमरीचा घोळ, प्रोग्राम मेमरीपाशी किती वेळा अडकला ते. जितका आकडा मोठा, तितका प्रोग्राम वाईट. म्हणून दर शनिवारी प्रत्येकाच्या प्रोग्रामचा चौदा नंबरचा आकडा भिंतीवरच्या बोर्डवर लागायचा. सगळ्यात मोठ्या आकड्याला लाल स्केचपेनने गोल! शाळेत नापास पोरांची नावं लावतात तसं.

लाल गोल कुणाला? दर शनिवारी रंजनाला.

ती बिचारी रात्रंदिवस तोच विचार करायची. शेवटी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, माझा प्रोग्राम तर सगळ्यांच्या आधी संपतो. घड्याळ लावून बघा ना."

साहेब हसले. "घड्याळ बाहेर असतं, काउंटर प्रोसेसरच्या आत असतो. मी कुणावर विश्वास ठेवू?" आणि सगळे हसले. मीही हसले. हे सांगताना आजही माझी मलाच चीड येते.

पाचवा महिना संपला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "म्हात्रेला कन्फर्म करत नाही. आकडे बघतेस ना तू?"

*

तेव्हा कुठे मला अक्कल आली. मशीनची देखभाल करणाऱ्या इंजिनियरला फोन लावला आणि विचारलं, बाबा रे, चौदा नंबर नक्की काय मोजतो?

"कुठल्या चिपवर?" तो म्हणाला. "अहो मॅडम, दिवाळीनंतर मी तुमची चिप बदलली ना? नवीन चिपवर चौदाचा अर्थ वेगळा आहे. आता तो प्रोसेसरने किती गणित उरकलं ते मोजतो. नवीन यादी दिलीय की, तुमच्या साहेबांनी सही करून घेतली."

म्हणजे रंजनाचा प्रोग्राम ऑफिसात सगळ्यात जास्त काम उरकत होता, आणि त्यासाठी आम्ही तिला दर शनिवारी लाल गोल देत होतो!

मी तडक केबिनमध्ये गेले. "कपाट उघडा, सर." माझा आवाज ऐकून त्यांनी उघडलं बिचाऱ्यांनी. नवीन यादी प्लास्टिकच्या पिशवीत, स्टेपलसुद्धा काढलेला नाही! मी पिशवी फाडली आणि चौदा नंबरवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसला.

"सर, आता रंजनाचं काय?"

साहेब म्हणाले, "शुभदा, पण तिचं पत्र टाइप झालंय."

टाइप झालंय! अरे, मग फाडा! कागदच आहे ना तो? मी हे तोंडावर बोलले. तर म्हणे, हेड ऑफिसला कॉपी गेलीय, आता मागे घेतलं तर आपण चुकलो असं दिसेल. चुकलोच होतो ना, मेल्यांनो!

*

शेवटच्या दिवशी रंजनाने टेबल आवरलं आणि पत्राची घडी करून पर्समध्ये टाकली. रडली नाही. तेवढ्यात साहेब लगबगीने बाहेर आले. दुपारी क्लायंट येणार होता, आणि त्याला मेमरीचा घोळ मोजून दाखवायचं साहेबांनी कबूल केलेलं. आम्ही सगळे हॉलमध्येच होतो. यादी माझ्या टेबलावर, माझ्या कोपराखाली; ती अख्खी वाचून काढलेली एकट्या रंजनाने.

"म्हात्रे, जाता जाता एक काम कर," साहेब म्हणाले. "या नवीन चिपवर ते मोजायला कुठला नंबर टाकायचा, तेवढं सांगून जा."

रंजनाने पर्स खांद्याला लावली. "सर, मी तर प्रोबेशनवरची," ती म्हणाली. "कुणा पर्मनंट माणसाला विचारा ना." आणि जिना उतरून गेली.

साहेब माझ्याकडे वळले. "शुभदा?"

"मला नाही येत, सर."

मग त्यांनी पेडणेकरकडे पाहिलं. पेडणेकर खुर्चीतून उठला, दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "मीही पर्मनंटच आहे, सर. मला कुठून येणार?"