रवकाकीच्या पाटावर

१९८४ साली मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि रेडीच्या बंदरावर बार्जमध्ये खनिज भरायच्या कामाला होतो. जेवायला जायचो रवकाकीकडे. आमच्याकडे 'रव' म्हणजे थांब. तिच्या घरी पानावर बसलेला माणूस आपल्या मर्जीने उठू शकत नसे. कोणी हात झटकून उठायला लागला की चुलीकडून आवाज यायचा, "रव." एवढंच. मग ती डाव घेऊन यायची, त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची, आणखी भात वाढायची आणि तो संपला की म्हणायची, "ऊठ आता. हात धू." बंदरावरची दांडगी माणसं, मुकादमालासुद्धा उलट बोलणारी, तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखी बसून राहायची. मीही बसायचो. मी कोणाचं ऐकणारा माणूस नव्हे, चौथीत मास्तरांनी उगाच मारलं म्हणून शाळा सोडली ती परत पाहिली नाही. पण तिच्याकडे बसायचो.

तिची खानावळ म्हणजे घराची पुढची पडवी. शेणाने सारवलेली जमीन, एका वेळी सहा माणसं. पाटी नाही की नाव नाही. रोजच्या जेवणाला जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या, ठोकर लागून वाकड्या झालेल्या. त्यात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं नाहीतर तारल्यांचं तिखलं आणि तिरफळाचा वास पार रस्त्यापर्यंत. सोलकढी शेवटी, वाटीभर, ती टाळलेली तिला खपायची नाही. "कडी पिल्याशिवाय उठलास तर अन्न पोटात उभा रवता," म्हणायची. एकदा मी घाईत होतो, बार्ज लागली होती. ती म्हणाली, "घाई कित्याक रे बाबल्या? बार्ज काय पळान जाता?" पंगतीतले सगळे हसले. मी सोलकढी प्यायलो. बार्ज जागेवरच होती.

सणाचा दिवस आला की मात्र ती खानावळ राहायची नाही. दसऱ्याला, पाडव्याला जर्मनच्या थाळ्या माळ्यावर जायच्या आणि केळीची पानं यायची. पानं ती स्वतः कापायची, स्वतः पुसायची. पानाचं टोक डावीकडे. कोणी उलटं मांडलं तर बोलायची नाही, उचलून फिरवून ठेवायची आणि त्या माणसाकडे असं बघायची की तो जन्मात विसरू नये. फणसाच्या पानांचे द्रोण, मिठाची जागा ठरलेली, लोणच्याची ठरलेली. वरण-भातावर तूप पडेपर्यंत हात गुडघ्यावर. आम्ही सहा जण घर सोडून आलेली माणसं. आमच्यापैकी कोणाच्या घरी इतक्या नेटाने पान मांडलं जात असेल असं वाटत नाही. त्या दिवशी आम्ही अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तिच्याकडे जायचो.

एक काशाचं ताट मात्र ती कधीच कोणाला वाढायची नाही. चिंचेने घासून सोन्यासारखं केलेलं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. लग्नातलं ताट, नवऱ्याच्या नावाचं. ते वर्षातून एकदाच निघायचं, म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या दिवशी.

तिच्या नवऱ्याची गोष्ट तिनेच मला सांगितली, एकदा दुपारी मासे साफ करता करता. तो खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. एके दिवशी जेवायला बसला असताना दोघांत काहीतरी शब्द झाला. जेवणावरून नव्हे. कशावरून ते तिने सांगितलं नाही. तो अर्ध्या ताटावरून उठला, हातसुद्धा दारात जाऊन धुतला, आणि गेला. तासाभरात ट्रक उतारावर उलटला. तो घरी आला तो झाकूनच. ती आत गेली तेव्हा ताट तसंच होतं, भाताला बोटांचे खळगे पडलेले. हे सांगताना तिचा हात थांबला नाही. बांगड्याचं पोट फाडलं, आतलं काढलं, टोपलीत टाकलं. "तरणोताठो माणूस," म्हणाली, "भुकेलोच गेलो." मग पुढचा बांगडा घेतला.

आमच्याकडे म्हाळाला पितर म्हणून माणूस बसवतात. ज्या वयाचा, ज्या नात्याचा माणूस गेला, त्याला शोभेलसा कोणी पाटावर बसवायचा आणि गेलेल्याच्या नावाने त्याला जेवू घालायचं. तो जेवला की पितर जेवला. त्याचे नियम आहेत. पाटावर बसलेल्याने काही मागायचं नाही, वाढलेलं नाकारायचं नाही आणि अर्ध्यावर उठायचं नाही. काकीकडे नवऱ्याचा एक चुलतभाऊ बसायचा, तो पोटापाण्याला लांब गेला. १९८४ च्या म्हाळाआधी तिने मला विचारलं, "यंदा तू बसशीत काय रे पाटार? तुझा वय तेंच्याएवढाच आसा."

मी हो म्हटलं. मला मान वाटला, खोटं कशाला बोलू. लोकांचा भात आणि मुकादमाच्या शिव्या खाणारा मी, एका घराचा पितर झालो.

त्या दिवशी पाटाभोवती तिने रांगोळी काढली होती. समोर ते काशाचं ताट, त्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, अळूचं फतफतं, तांदळाची खीर. तिचा धाकटा दीर पंचा नेसून पूजेला. आणि काकी वाढायला आली ती वेगळीच बाई. एरवी मला 'रे, बाबल्या' म्हणणारी. ती डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून म्हणाली, "जेवा तुमी. सावकाश जेवा." मी मान वर करून तिच्याकडे बघू शकलो नाही. पहिल्यांदा वाटलं उठून पळावं. मग वडा तोडला आणि सांबाऱ्यात बुडवला, आणि देवाशप्पथ सांगतो, तसं अन्न मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही. खाणारा मी एकटा नाही असं वाटत होतं. भूक माझ्या भुकेपेक्षा मोठी होती. सगळं संपवून मी हात धुतला तेव्हा ती दाराशी बसून तोंडाला पदर लावून रडत होती. हलकी होऊन रडत होती. दुसऱ्या दिवशी परत 'रव रे बाबल्या' सुरू.

पुढच्या वर्षीही मी बसलो. तेही नीट पार पडलं.

१९८६ ला पाऊस लांबला होता. आम्ही गणपती करून गावाहून परत आलो होतो, पण बंदर पुरतं सुरू झालेलं नव्हतं. दिराने त्या वर्षी भावकीतली चार माणसं जेवायला बोलावली होती. ती समोरच्या पंगतीत बसली, मी पाटावर. काकी वाढत होती. दोन वडे झाले, तिसरा झाला, तिने चौथा वाढला. मला नाही म्हणायची मुभा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी चौथा खाल्ला. तिने पाचवा वाढला. आता वाटतं, ती मला वाढतच नव्हती. कितीतरी वर्षांची भूक ती त्या ताटात भरून काढत होती.

दीर समोरून म्हणाला, "दादा तीनच वडे खायचो. ह्यो पितर बरोच भुकेलेलो दिसता."

भावकी हसली. एकाने तर भाताचा घास पुढ्यात सांडला. दिराच्या मनात काय होतं कोण जाणे. थट्टाच असेल, तो थट्टेखोर माणूस होता. पण मी तेव्हा थट्टा ऐकली नाही. मी ऐकलं की बंदरावरचा हमाल आयत्या ताटावर आडवा हात मारतोय. कानशिलं तापली. पाचव्या वड्याचा तुकडा बोटांत होता, तो ताटात टाकला आणि मी उठलो.

दीरसुद्धा घाबरला, "अरे, बस रे, मी आपला बोललंय," म्हणत अर्धा उभा राहिला. काकी चुलीकडून आली. तिच्या हातात खिरीची वाटी होती. तिने 'रव' म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मी कदाचित बसलो असतो. ती माझ्या वाटेत उभी राहून हळूच म्हणाली, "बसा तुमी. भावोजींचा मनात घेव नकात. पाया पडतंय, असे अर्धपोटी जाव नकात."

ती कोणाशी बोलत होती ते मला कळलं होतं. कळून मी तिच्या बाजूने निघून गेलो. हात दारात, पावसाच्या पागोळीखाली धुतला.

नंतर लोकांनी सांगितलं की पितरांसाठी बाहेर पानावर वाढून ठेवलेल्या वाडीला कावळा लगेच शिवला. दिराने सुटकेचा श्वास सोडला, पितर तृप्त झाले म्हणाला. काकी कावळ्याकडे बघायला गेलीच नाही. पाटासमोर बसून राहिली.

मी तिच्याकडे जायचं बंद केलं. सकाळ-दुपार दुसरीकडे जेवायचो, बंदरावर जायला लांबच्या वाटेने जायचो. दिराने एकदा गाठून चूक झाली म्हणायला हवं होतं, तो आला नाही. आणि त्याने यावं म्हणून मी थांबून राहिलो, सबंध वर्ष. पुढच्या म्हाळाच्या आदल्या दिवशी काकीने माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाकडे निरोप पाठवला, "पाट मांडून ठेवतंय, तेका येवक सांग." मी त्याला सांगितलं, दिराला बोलवायला पाठव म्हणावं. दीर आला नाही. मीही गेलो नाही. त्या दिवशी बंदरावर काम नव्हतं. मी दिवसभर खोलीत आढ्याकडे बघत पडून होतो आणि दर वाऱ्याबरोबर मला सांबाऱ्याचा वास येत होता. तिचं घर तिथून मैलभर होतं.

त्यानंतरच्या श्रावणात ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत गेली. मी पावसाळ्यात गावी होतो, मला कळलं ते परत आल्यावर. घरी गेलो तर पडवीला कुलूप होतं. दीर अंगणात सुपारी कातरत बसला होता. तो म्हणाला, "मागच्या म्हाळाक वयनी जेवक नाय. दुसऱ्या कोणाक बसवया म्हटला तर आयकूक नाय. ताट वाढलान, पाटासमोर ठेवलान. पितर जेवलो नाय तर मी कशी जेवतलंय म्हणाली." तो रडत नव्हता, मीही नाही. त्याने मला पान-सुपारी दिली, मी घेतली. त्याला जे बोलायचं होतं ते त्याने बोलून टाकलं होतं. माझं राहिलं.

आता माझं वय झालं. आमच्या घरी म्हाळाला सून वाढते. तिसरा वडा पानात पडला की माझी बोटं जड होतात. मुलं म्हणतात, बाबा म्हाळाला नीट जेवत नाहीत, वास सहन होत नसेल. एरवीसुद्धा मी चुलीकडे पाठ करून जेवायला बसत नाही. पाठीमागे डाव भांड्याला लागल्याचा आवाज येतो. सून चुलीकडे नसली तरी येतो. बायको होती तोवर तिला एकदा विचारलं होतं, तुला आला का आवाज. ती म्हणाली, नाही. परत विचारलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी उठून गेलो त्या म्हाळाच्या दुसऱ्या दिवशीची, १९८६ ची. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

त्या सकाळी मी लवकर उठलो. काकीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक चहाचं हॉटेल होतं. बाहेर एक बाकडं. मी मुद्दाम त्या बाकड्यावर, तिच्या दाराकडे तोंड करून बसलो आणि उसळ-पाव मागवला. तिला दिसावं म्हणूनच. ती दार उघडून अंगणात आली. हातात केरसुणी होती, डोळे सुजलेले. मला बघून थांबली. मी मोठ्याने रस्सा मागितला. पाव बुडवून बुडवून, मचमच करत खाल्ला. वाटलं होतं, ती तोंड फिरवून आत जाईल, नाहीतर रडेल. दोन्हीतलं काही झालं असतं तर माझा जीव शांत झाला असता.

ती खांबाला टेकून उभी राहिली आणि मी खातोय ते बघत राहिली. प्रत्येक घास बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. माझी बशी रिकामी झाली तशी तिची मान थोडी हलली, आई पोराला जेवताना बघते आणि आपणच गिळते तशी.

मला भूक राहिलेली नव्हती. मी हॉटेलवाल्याला हाक मारली, आणखी एक उसळ मागवली, आणि मान वर न करता तीही संपवली.