सुतळीच्या गाठी

जोयड्याला जाणारी जीप हॉर्नवर हॉर्न मारत होती आणि आप्पा काही दुकानातून बाहेर येईनात. नंदिगड्ड्यातल्या आमच्या दुकानाच्या दारात एक सुतळी टांगलेली असायची. मागितलेली वस्तू नसली की आप्पा तिला गाठ मारायचे. रामनगरहून ती वस्तू आणली की गाठ सोडायचे. कुठली गाठ कुणाची, हे त्यांना तोंडपाठ. मी पुण्याला व्यापाराचं शिकायला निघाले त्या घटकेलाही गिऱ्हाईक आलं होतंच. त्याची गाठ मारूनच ते बाहेर आले आणि म्हणाले, "माल किती खपतोय ते मागनं बघ, बाय. मानूस रिकाम्या हातानं परत जाऊ नये, येवढं आदी बघ."

आता मी दुकानांच्या एका मोठ्या साखळीत, कुठल्या शाखेत काय ठेवायचं ते ठरवते. न हललेला माल यादीतून उडवते. त्याला आम्ही ‘डेड स्टॉक’ म्हणतो.

माझ्यासारख्याच गाव सोडून गेलेल्यांनो, सुट्टीला जाताना आपण शहाणपणही बांधून नेतो. मी आप्पांच्या फळ्या तपासल्या. कंदिलाच्या काचा, बैलांच्या घुंगरमाळा, काळे मणी. हे सगळं बंद करा, चिप्स आणि शाम्पू भरा, म्हटलं. गाठींवरून माल आणणंही बंद.

"तू शिकल्याली हाईस, तुला कळतंय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी खरोखर माझं ऐकलं. हेच मला सोसत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

काच वर्षाकाठी चार-दोन माणसंच न्यायची, पण काचेला आलेलं माणूस मीठ, चहापूडही आमच्याकडूनच न्यायचं. काच मिळेना तेव्हा ती माणसं जोयड्याला गेली आणि हळूहळू सगळंच तिथून आणू लागली. चिप्स उंदरांनी खाल्ले.

यंदा गेले तर दुकान बंद. सुतळी मात्र तिथंच, गाठींसकट. आप्पा एकेक गाठ चाचपत होते. "ही सावित्रीची. काच पायजे व्हती तिला. न्हाई आनली."

मला रडू आवरेना. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आता ती सुतळीच दिसते. त्यातली एकही गाठ माझ्याच्यानं सुटणार नाही.

निघताना विचारलं, "आप्पा, पुण्याहून काय आणू?"

"कशाला? जोयड्यात मिळतंय की समदं."

एरवी निघताना ते माझ्या हातात काहीतरी कोंबायचेच. या वेळी जीप आली आणि मी रिकाम्या हातानं चढले.