सुमनच्या वडाची माती

सखूबाई आमच्याकडे भांडी घासते, तशीच दोन गल्ल्या सोडून सुमनच्या सासरीही. त्या सकाळी ती मोरीकडे न जाता दारातच उभी राहिली. "बाई, सुमनताई गेल्या. पहाटंच गेल्या," म्हणाली. काविळीनं सुमन महिनाभर अंथरुणाला खिळली होती, पण उतार पडतोय असं डॉक्टर म्हणायचे आणि मी मूर्खासारखी विश्वास ठेवून बसले होते. बाजाराची पिशवी तशीच टाकून निघाले. त्यांच्या अंगणात तिची वडाची कुंडी दिसली, हिरवीगार. आदल्या संध्याकाळी सुमननं अंथरुणातून सांगून सखूबाईकडून पाणी घालून घेतलं होतं.

सुमन आणि मी भिंगारच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तरीण झाले, लग्नाच्या वाटेला गेले नाही. तिचं लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा अपघातात गेला. तेव्हापासून ती थोरल्या दीर-जावेच्या घरात राहिली. शिवणकाम करायची, घरचंही सगळं ओढायची. छावणीतल्या एका कॅप्टनच्या बायकोचे कपडे शिवायला जायची, तिथे तिला झाडं ठेंगणी वाढवायचं वेड लागलं. बोन्साय म्हणतात त्याला. त्या बाईंची बदली झाली आणि सुमननं बंगल्याच्या भिंतीच्या भेगेत उगवलेलं वडाचं रोप उपटून घरी आणलं. दहा वर्षांत ते वीतभर उंच झालं, पण पारंब्यांसकट पुरता वड.

त्या झाडाला साधी माती चालत नाही. विटांचा चुरा, वाळूची जाड कच आणि थोडं पाल्याचं खत. हा चुरा ती कधी टाकत नसे. झाड उपसलं की जुनी माती पोत्यावर उन्हात वाळवायची, हातानं मोडायची, मेलेली मुळं वेचायची, मग चाळणीतून काढायची. खाली पडेल ती भुकटी बाहेर, वर राहील ती कच धुऊन परत कुंडीत. "माती वाईट नसते गं, लीले," ती म्हणायची. "पीठ झालंय तेवढं काढायचं. खडा राहू द्यायचा." चाळणी घरातली कणकेची होती. त्यावरून वहिनींनी, म्हणजे तिच्या जावेनं, आठवडाभर अबोला धरला होता.

त्याच वहिनींना वटपौर्णिमेला मात्र ते झाड हवं असे. रस्त्यावरच्या वडापर्यंत उन्हात कोण जाणार? घरातच चौरंगावर वड. सुमन कुंडी उंबऱ्यापर्यंत आणून ठेवी आणि मागच्या अंगणात निघून जाई. विधवेनं तिथे थांबायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नसे, बोलायची गरजच नव्हती. आत हळदकुंकू, दूध, अक्षता, सुताचे वेढे. दुसऱ्या दिवशी सुमन सूत सोडवायची, मुंग्या लागलेली माती उपसून चाळायची. वर्षातून एकदाच तिच्या बोटांना कुंकू लागे, तेही माती चाळताना. मला हे पाहवत नसे. मी चिडले की ती हसायची. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

गेल्या साली दुष्काळात रस्त्यावरच्या वडाच्या फांद्या लोकांनी शेळ्यांसाठी तोडून नेल्या, तेव्हा अख्खी गल्ली वहिनींकडे पूजेला आली. प्रत्येकीनं आपापली दुधाची वाटी त्या तसराळ्याएवढ्या उथळ कुंडीत रिकामी केली. तांदळांनी कुंडीची भोकं बुजली आणि झाड पिवळं पडलं. वहिनी सुमनला म्हणाल्या, "तुझीच दृष्ट लागली त्याला." सुमननं झाड उपसलं, काळी पडलेली मुळं कापली आणि स्वतःच्या अंघोळीच्या पाण्यात कच धुतली. झाड वाचलं. छाटलेली एक फांदी तिनं डब्यात रुजवली आणि मला आणून दिली. "एक तुझ्याकडे असू दे," एवढंच म्हणाली... का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

तर ती गेली त्या दिवशी मी वहिनींना म्हणाले, झाडाला पाणी मी घालत जाईन. त्या म्हणाल्या, "पूजेचं झाड आहे ते. सुतकात हात कसा लावायचा? तुम्हीसुद्धा शिवलात ना तिला." दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन गेले, तर अंगणाचं दार आतून लावलेलं. सखूबाईलाही ताकीद होती. मे महिन्यातलं नगरचं ऊन आणि बोटभर खोल कुंडी. तेराव्याला मी गेले तेव्हा पानं वाळून चुरा झाली होती. वहिनी डोळ्यांना पदर लावून जमलेल्या बायकांना सांगत होत्या, "सुमनच्या मागोमाग गेलं बघा. किती जीव होता तिचा!" मी म्हणाले, "वहिनी, ते तहानेनं गेलं." त्या लाडू वाढायला गेल्या. जिला त्या झाडासमोर कधी उभं राहू दिलं नाही, तिच्याच सुतकात ते मारलं या लोकांनी. वर सोवळंही पाळलं.

वाळलेल्या झाडासकट कुंडी मी मागून घेतली, चाळणीही. द्यायला कुणाची ना नव्हती. घरी माती पोत्यावर वाळवली, मोडली, चाळली. भुकटी मूठभर निघाली, कुंकवाचा एक कण निघाला नाही. तिनं सगळं आधीच काढून टाकलं होतं. त्या कचेत मी डब्यातली फांदी लावली. तिला दोन नवी पानं फुटली आहेत.

काल उरलेली माती चाळत बसले होते, तेव्हा सखूबाई आली. "वैनींनी इचारलंय, सुमनताईंनी दिलेलं वडाचं रोप हाय म्हनं तुमच्याकडं. परवा वटपुनवेला पूजेपुरतं द्याल का?"

"सांग त्यांना," मी म्हणाले, "माझ्याकडे सुतक आहे."

ती जरा घुटमळली. "अजून हाय, बाई?"

"अजून आहे."

ती भांडी घासायला गेली. मी चाळणी झटकली आणि खिळ्याला अडकवली.